किल्टचे माप आणि औचित्याचा प्रश्न

किल्ट नीट बसला आहे असे म्हणताना तीन वेगवेगळ्या गोष्टी एका दमात म्हटल्या जातात. पहिली देहाची: कंबरेला कापड न काचता घट्ट बसले आहे, सीटवर ताण नाही, मागच्या निऱ्या सरळ पडल्या आहेत. दुसरी रीतीची: खालची कड गुडघ्याच्या वाटीपाशी आहे, वरच्या एप्रनची, म्हणजे पुढच्या सपाट भागाची, मोकळी बाजू उजवीकडे आहे. तिसरी नात्याची: जो टार्टन, म्हणजे रंगीत पट्ट्यांच्या चौकड्यांचा जो नमुना, अंगावर आहे त्याच्याशी नेसणाऱ्याचा काही संबंध आहे. स्कॉटलंडमध्ये किल्ट विकत घेणाऱ्यापुढे या तिन्ही कसोट्या एकाच दुकानात, एकाच आरशासमोर उभ्या राहतात. पहिल्या कसोटीला टेप पुरते, दुसरीला रिवाज माहीत असावा लागतो, तिसरीवर दोनशे वर्षे वाद चालू आहे. प्रश्न असा की योग्यता नेमकी असते कुठे? कापडात, देहात, की पाहणाऱ्याच्या सवयीत?

आजचा पारंपरिक पुरुषी किल्ट साधारण आठ वार लोकरी कापडाचा असतो. पुढे एकावर एक येणारे दोन सपाट भाग, त्यांना एप्रन म्हणतात; मागे एका कुशीपासून दुसऱ्या कुशीपर्यंत निऱ्या. या निऱ्या कंबरेपासून सीटच्या रुंद रेषेपर्यंत हाताने शिवून पक्क्या करतात. त्याखाली त्या मोकळ्या सुटतात आणि चालताना झुलतात. आतून कॅनव्हासचा आधार असतो आणि बाजूंना चामड्याचे पट्टे व बकला. मापे तीनच घेतली जातात. कंबर बेंबीच्या आसपास, टेप अंगाला लागून. सीट सर्वांत भरलेल्या जागी, टेप किंचित सैल सोडून. लांबी कंबरेपासून गुडघ्याच्या वाटीच्या मध्यापर्यंत, मध्यम उंचीच्या पुरुषाला सुमारे २४ इंच.

तीन आकडे कागदावर आले म्हणजे किल्ट बसला असे होत नाही. समजा सीट ४० इंच आणि कंबर ३४ इंच आहे, आणि घेराचा निम्मा भाग निऱ्यांचा आहे. मग मागच्या बाजूला सीटपाशी २० इंच असलेले कापड कंबरेपाशी १७ इंच व्हायला हवे. निऱ्या पंचवीस असतील तर हे तीन इंच पंचवीस ठिकाणी वाटायचे, म्हणजे एका निरीमागे जेमतेम एक अष्टमांश इंच. प्रत्येक निरी वर जाताना एवढीशी निमुळती होते, तेव्हा मागची बाजू देहाच्या वळणाने बसते. शिवताना एकेका निरीत एक षोडशांश इंचाची चूक झाली तरी पंचवीस निऱ्यांत ती दीड इंच होते. त्यात टार्टनचेही स्वतःचे मागणे असते. निऱ्या अशा घालायच्या असतात की दुमडलेल्या कापडावरही चौकडीचा नमुना अखंड दिसावा. मोठ्या चौकडीला निरी खोल घ्यावी लागते, म्हणून त्याच देहाला कापड जास्त लागते. पुढच्या एप्रनवर नमुन्यातला मुख्य पट्टा मधोमध यावा लागतो. कारागीर देहाला जुळवून घेत असतो आणि त्याच वेळी नमुन्यालाही. दोन्ही नियम एकमेकांना सूट देत नाहीत.

लांबीची गोष्ट तर आणखी कडक आहे. किल्टच्या खालच्या कडेला तुरपाई नसते. मागावरून उतरलेला कापडाचा पक्का काठ हीच किल्टची खालची कड असते, कारण तिथे दुमड आली तर निऱ्या जड होतात आणि त्यांचे झुलणे बिघडते. साहजिकच पँटसारखी लांबी नंतर खालून कापून किंवा सोडून जमवता येत नाही. कंबरेचा इंच-दोन इंच फरक पट्टे सरकवून सांभाळता येतो. लांबी मात्र पहिल्या कात्रीआधीच खरी असावी लागते.

मोजणे म्हणजे काय, हा प्रश्न प्लेटोने आपल्या ‘स्टेट्समन’ या संवादात घेतला आहे. तिथे मोजण्याच्या कलेचे दोन भाग पाडले आहेत. एकात एक वस्तू दुसरीशी ताडून लहान की मोठी ते ठरवतात. दुसऱ्यात वस्तू ताडली जाते ती ‘जेवढे हवे तेवढे’ याच्याशी: प्रमाणाशी, प्रसंगाशी, उचित काय त्याच्याशी. प्लेटोचे म्हणणे असे की दुसऱ्या प्रकारचे मोजमाप नसेल तर कोणतीच कला उभी राहणार नाही, विणकामसुद्धा नाही. विणकाम हे त्या संवादातले मुख्य उदाहरणच आहे, आणि किल्टच्या बाबतीत ते अक्षरशः लागू पडते. टेप पहिल्या प्रकारचे मोजमाप करते: कंबर ३४ इंच. पण सीटपाशी टेप किती सैल सोडायची, मांडीचा घेर मोठा असलेल्या माणसाला किती वाढवून द्यायचे, पोट पुढे आलेल्याची कंबर नेमकी कुठे मानायची, हे टेप सांगत नाही. तिथे पाहिजे असते दुसरी मोजणी, आणि तिचे एकक कोणत्याही पट्टीवर छापलेले नसते.

अॅरिस्टॉटलने हाच धागा पुढे नेला. नीतिशास्त्रातला त्याचा मध्यम मार्ग हा अंकगणितातला मध्य नव्हे. दहा मिना (एक ग्रीक वजन) अन्न जास्त आणि दोन मिना कमी, म्हणून तालमीचा गुरू सगळ्यांना सहा मिना देत नाही. मायलो या मल्लाला सहा अपुरे आणि नवशिक्याला ते फार होईल. मध्य असतो तो त्या त्या माणसाच्या संदर्भात. याच ग्रंथात पुढे लेस्बॉसच्या गवंड्यांच्या शिशाच्या पट्टीचा उल्लेख आहे. ती पट्टी ताठ नसते, दगडाच्या आकाराप्रमाणे वाकते. अॅरिस्टॉटलने तो दाखला न्यायाच्या संदर्भात दिला: कायदा सर्वसाधारण असतो, प्रकरण विशिष्ट असते, आणि समंजस न्यायाधीश कायदा प्रकरणाला जुळवून घेतो. वाकणारी पट्टी मोजणे सोडून देत नाही, हे इथे महत्त्वाचे आहे. शिंप्याची टेपही वाकते, पण तिच्यावरचे इंच ताणले जात नाहीत. योग्यता व्यक्तीसापेक्ष आहे म्हटल्याबरोबर ती मर्जीची बाब झाली असे समजणारे या फरकाकडे काणाडोळा करतात. माणसामाणसाचे माप वेगळे असते, पण प्रत्येकाच्या बाबतीत चुकीचे माप चुकीचेच असते.

किल्ट घेताना सर्वांत जास्त होणारी चूक आकड्यावरच्या विश्वासातून होते. गिऱ्हाईक आपल्या पँटचा नंबर सांगते. आजची पँट कंबरेच्या खाली, हाडाच्या आसपास बसते. शिवाय तयार कपड्यांवरचा नंबर पुष्कळदा खऱ्या घेरापेक्षा लहान लिहिलेला असतो. किल्ट बसतो वर, बेंबीपाशी, आणि तिथला घेर अनेकांचा दोन-तीन इंचांनी जास्त भरतो. पँटच्या नंबरावर मागवलेला किल्ट म्हणून कंबरेला मिळत नाही. ही नुसती गफलत नव्हे. तो नंबर माणूस वर्षानुवर्षे स्वतःविषयी बाळगत आलेला असतो आणि ते स्वतःचे ज्ञान आहे असे त्याला वाटते. प्रत्यक्षात ते एका वेगळ्या वस्त्रासाठी, वेगळ्या जागी, कुणीतरी सौजन्याने कमी करून लिहिलेले माप असते.

स्वतःचे माप स्वतः घेण्यातही अडचण आहे आणि ती देहाच्या रचनेतच आहे. गुडघ्यापर्यंतची लांबी मोजायला माणूस खाली पाहतो. खाली पाहताना पाठ वाकते, पोट दबते, टेप पुढे झुकते आणि लांबी बदलते. मोजण्याच्या क्रियेनेच मोजायची गोष्ट हलते. म्हणून सरळ समोर पाहत उभे राहायचे आणि टेप दुसऱ्याने धरायची, अशी रीत आहे. कंबर घेताना पोट आत ओढू नये हेही दुसऱ्यालाच सांगावे लागते, कारण ओढणाऱ्याला बहुधा ते कळत नाही.

स्कॉटलंडचाच एक तत्त्वज्ञ इथे उपयोगी पडतो. अॅडम स्मिथ ग्लासगो विद्यापीठात नीतिशास्त्राचा प्राध्यापक होता आणि १७५९ मध्ये त्याचा ‘नैतिक भावनांचा सिद्धान्त’ प्रसिद्ध झाला. त्या ग्रंथात औचित्य हाच पायाचा विचार आहे. भावना तिच्या कारणाला साजेशी आहे की नाही हे ठरते ते पाहणाऱ्याला तिच्याशी समरस होता येते की नाही यावरून. मनुष्य समाजाबाहेर एकटा वाढला तर त्याला आपल्या वागण्याचे रूप दिसणारच नाही, जसा आरशावाचून चेहरा दिसत नाही. तो आरसा समाज पुरवतो. पण स्मिथ तेवढ्यावर थांबला नाही. भोवतालचे लोक पक्षपाती असू शकतात, म्हणून माणसाने मनात एक निःपक्षपाती प्रेक्षक उभा करावा आणि त्याच्या नजरेने स्वतःकडे पाहावे, असे त्याने मांडले. किल्टच्या दुकानातला जाणता कारागीर जवळजवळ या प्रेक्षकाच्या जागी उभा असतो. त्याला गिऱ्हाइकाची खुशामत करायची नसते आणि त्याला लाजवायचेही नसते. मात्र एक गोष्ट त्याच्या नजरेपलीकडची आहे: पट्टा काचतो आहे की नाही हे आत असलेल्यालाच कळते. निऱ्या उघडत आहेत हे मागे उभ्या असलेल्याला दिसते, श्वास अडतो आहे हे नेसणाऱ्याला. या दोन साक्षींपैकी एकच घेऊन दिलेला निकाल अपुरा राहतो.

दुसऱ्या कसोटीकडे वळले की जमीन बदलते. कड गुडघ्याच्या मध्यावरच का? गुडघे टेकून बसल्यावर कड जमिनीपासून इंचभर वर राहावी, अशीही एक पडताळणी प्रचलित आहे; काही कारागीर वाटीच्या वरच्या टोकाचा आग्रह धरतात. देहात असे काही नाही की ज्यामुळे दोन इंच वर किंवा खाली गेलेली कड चुकीची ठरावी. तरी ती चूक दिसते, आणि स्कॉटलंडच्या इतिहासातली सर्वांत गाजलेली चूक हीच आहे. ऑगस्ट १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिनबरोला आला. त्या भेटीचा सारा थाट कादंबरीकार वॉल्टर स्कॉटने योजला होता. राजाने आपल्या हायलँड (स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या) पोशाखावर १,३५४ पौंड १८ शिलिंग खर्च केले आणि होलीरूड राजवाड्याच्या दरबारात तो किल्ट घालून आला. किल्ट गुडघ्यांच्या बराच वर होता आणि खाली अंगाच्या रंगाचे तंग पायमोजे होते. व्यंगचित्रकारांना विषय मिळाला. कापड उंची होते, शिवण उत्तम होती, नेसणारा देशाचा राजा होता, आणि तरीही ते बसले नाही.

रूढी आणि सौंदर्य यांच्या संबंधाबद्दल स्मिथने जे लिहिले त्याचा आधार इथे घेता येतो. दोन गोष्टी नेहमी एकत्र पाहिल्या की एकीवाचून दुसरी अपुरी वाटते. नेहमीच्या पोशाखातले एक क्षुल्लक बटन नसले तरी काहीतरी उणे भासते. स्मिथ हे लिहीत होता तेव्हा हायलँडमध्ये सामान्य पुरुषांना किल्ट घालायला कायद्याने बंदी होती. १७४६ मध्ये कलोडनच्या लढाईत राजसत्तेविरुद्धचा जॅकोबाइट उठाव मोडल्यानंतर आलेल्या कायद्याने पहिल्या गुन्ह्याला सहा महिने कैद आणि दुसऱ्याला सात वर्षे समुद्रापार हद्दपारी ठरवली होती. सैन्यातल्यांना तेवढी सूट होती. १७८२ मध्ये ती बंदी उठली. एका पिढीहून अधिक काळ सवय तुटली, आणि पुन्हा जे रुजले ते बरेचसे पलटणींच्या गणवेशातून आणि १८२२ च्या सोहळ्यातून. तेव्हा ‘रीत’ म्हणून जी कसोटी आज लावली जाते तिच्यातला मोठा भाग सवय तुटल्यानंतर नव्याने बांधलेला आहे.

इतिहासकार ह्यू ट्रेव्हर-रोपरने १९८३ मध्ये नेमके हेच पुढे करून हायलँड परंपरा ही आधुनिक निर्मिती असल्याचे मांडले. त्याचा पुरावा मुख्यतः १७८५ मध्ये छापल्या गेलेल्या एका पत्राचा: थॉमस रॉलिन्सन या इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या, क्वेकर पंथाच्या लोखंड-कारखानदाराने १७२० च्या दशकाच्या शेवटी आपल्या हायलँड मजुरांसाठी लांब वस्त्राचा खालचा भाग वेगळा काढला, तोच आजचा छोटा किल्ट. या कथेवर आक्षेप आहेत. छोटा किल्ट त्याआधीही होता असे अनेक अभ्यासक मानतात. पण कथा पूर्ण खरी मानली तरी त्यातून निघणारा निष्कर्ष तपासून घ्यायला हवा. एखादी रीत अलीकडची आहे एवढ्याने ती खोटी ठरत नाही. खोटेपणा येतो तो तिचे वय फुगवून सांगितले की. गुडघ्याच्या मध्यावरची कड दोनशे वर्षांची असो की दोन हजार, आज तिच्यावरून माणसे एकमेकांना ओळखतात आणि एकमेकांचा मान राखतात, एवढे तिचे बळ खरे आहे.

छोट्या किल्टच्या आधी जे होते ते या सगळ्या विचाराला वेगळे वळण देते. सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून हायलँडमधले पुरुष जे नेसत तो मोठा किल्ट न शिवलेला होता. चार-पाच वार लांब आणि दोन पन्ने जोडून रुंद केलेले लोकरी कापड. कंबरेभोवती हाताने चुणून पट्ट्याने आवळायचे आणि वरचा भाग खांद्यावर घ्यायचा. रात्री तेच पांघरूण. धोतर किंवा नऊवारी नेसणाऱ्या समाजाला हे समजावून सांगावे लागत नाही: न शिवलेल्या वस्त्राला माप नसते, नेसण्याला असते. तेच कापड बाप आणि मुलगा दोघांना बसते, कारण बसवणे रोज नव्याने घडते आणि ते नेसणाऱ्याच्या बोटांत असते. निऱ्या शिवून पक्क्या झाल्या तेव्हा बसवण्याचे काम नेसणाऱ्याकडून कारागिराकडे गेले. अठराव्या शतकाच्या अखेरचे शिवलेले किल्ट सुमारे चार वारांचे आणि रुंद पेटीसारख्या निऱ्यांचे होते; पुढे पलटणींच्या प्रभावाने एकाच दिशेला पडणाऱ्या धारदार निऱ्या आल्या आणि कापड वाढत आठ वारांवर गेले. वस्त्र देखणे झाले, चालण्यात लय आली. पण ‘बरोबर बसणे’ हा जो रोजचा व्यवहार होता तो खरेदीच्या एका दिवशी कायमचा ठरवण्याचा निर्णय झाला. किल्टचे माप चुकण्याची भीती तिथून सुरू होते. मोठ्या किल्टच्या काळात चूक दुसऱ्या सकाळी सुधारत असे.

अकराव्या शतकात काश्मीरमध्ये क्षेमेंद्राने ‘औचित्यविचारचर्चा’ लिहिली. काव्यातले अलंकार, गुण, रस हे सगळे औचित्यावर उभे आहेत असा त्याचा सिद्धान्त, आणि तो पटवण्यासाठी त्याने घेतलेले उदाहरण वस्त्रभूषणांचेच आहे: कमरपट्टा गळ्यात, हार कंबरेला, नूपुर हातात घातले तर घालणाऱ्याचे हसेच होईल. दागिना तोच, देहही तोच. बिघडली ती जागा. ज्याला जे अनुरूप ते उचित, असे त्याचे म्हणणे. म्हणजे औचित्य दागिन्याचाही गुण नव्हे आणि देहाचाही नव्हे; ते दोहोंमधले नाते आहे. चौथ्या जॉर्जच्या दरबाराला हा निकष लावला की चूक कुठे होती ते स्वच्छ दिसते. अॅडम स्मिथ तिचे कारण सवयीत शोधील. क्षेमेंद्र म्हणेल की सवय ही औचित्य ओळखण्याची वाट आहे, त्याचा पाया नव्हे. दोघांत क्षेमेंद्राचे पारडे जड वाटते, निदान निऱ्यांच्या बाबतीत. निरी फाकली की ती फाकलेली दिसते. ज्याने जन्मात किल्ट पाहिला नाही त्यालाही कापडाचा ताण कळतो. कडेच्या उंचीबाबत मात्र स्मिथचे म्हणणे मान्य करावे लागते. एकाच वस्त्रात दोन्ही प्रकारची औचित्ये शेजारी शेजारी राहतात, आणि वाद होतात ते बहुतेक एकाचा निकष दुसऱ्याला लावल्यामुळे.

तिसरी कसोटी, टार्टनशी नात्याची, सर्वांत नाजूक आहे. प्रत्येक कुळाचा ठरलेला टार्टन आणि तो त्या कुळानेच घालावा, ही समजूत एकोणिसाव्या शतकात पक्की झाली. बॅनकबर्नच्या विल्सन या विणकर घराण्याच्या जुन्या नमुन्यांपैकी काहींना आधी नुसते क्रमांक होते, कुळांची नावे मागाहून जडली. १८४२ चा ‘वेस्टियारियम स्कॉटिकम’ हा कुळांच्या टार्टनांचा तथाकथित प्राचीन ग्रंथ बनावट होता, आणि त्यातले काही टार्टन आज त्या त्या कुळांचे म्हणून सन्मानाने वापरले जातात. कायदा कुणालाही कोणताही टार्टन घालण्यापासून अडवत नाही. २००८ च्या कायद्याने एडिनबरोत टार्टनांची सरकारी नोंदवही सुरू झाली. ती नमुना नोंदवते, घालण्याचा परवाना देत नाही. बॅलमोरलसारखे थोडे टार्टन राजघराण्यासाठी राखीव आहेत, तेही संकेताने.

तरी ‘कुणीही काहीही घालावे’ एवढ्यावर हा प्रश्न मिटत नाही, कारण नाते हे मालकीहून वेगळे असते. हे धर्माच्या बाजूने आलेल्या टार्टनांवरून चांगले दिसते. स्कॉटलंडमधल्या शीख समाजासाठी सिंग टार्टन झाला, मुसलमानांसाठी इस्लामी टार्टन झाला. ग्लासगोतल्या एका रब्बींच्या पुढाकाराने २००८ मध्ये ज्यू टार्टन निघाला. तोरा या ज्यू धर्मग्रंथात लोकर आणि लिनन एकत्र विणलेले वस्त्र निषिद्ध आहे, म्हणून त्याचे कापड त्या मिश्रणापासून मुक्त ठेवले गेले. इथे बसण्याची कसोटी धाग्यापर्यंत उतरते. कंबर-सीट-लांबी बिनचूक असलेला किल्टही धाग्यात लिननचा अंश असेल तर श्रद्धावान ज्यू माणसाला बसत नाही, आणि हे न बसणे सीटवरच्या ताणाइतकेच खरे आहे. तोरातल्या ‘अनुवाद’ नावाच्या ग्रंथातली दुसरी एक आज्ञा पुरुषाने स्त्रीचे वस्त्र घालू नये अशी आहे. ती किल्टच्या आड येत नाही, याचे कारण शिवणीत सापडायचे नाही. कोणते वस्त्र कुणाचे हे तो तो समाज ठरवतो, आणि किल्ट नेसणाऱ्या समाजाने ते पुरुषाचे म्हणून शतकानुशतके ठरवलेले आहे. आज्ञा कायम राहते, तिचा विषय मात्र रूढी पुरवते.

ख्रिस्ती उपासनेतही टार्टनला जागा मिळाली, आणि ती स्कॉटलंडमध्ये नव्हे तर अमेरिकेत. वॉशिंग्टनच्या न्यूयॉर्क अॅव्हेन्यू प्रेस्बिटेरियन चर्चचे पाद्री पीटर मार्शल मूळचे स्कॉटलंडचे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, मदतनिधीच्या निमित्ताने, त्यांनी टार्टनांना चर्चमध्ये आशीर्वाद देण्याची उपासना सुरू केली. बंदीच्या काळात हायलँडचे लोक टार्टनचा तुकडा कपड्यात लपवून चर्चमध्ये नेत आणि आशीर्वादाच्या वेळी त्याला स्पर्श करीत, अशी कथा तिच्याभोवती वाढली. तिला त्या काळचा पुरावा नाही. मात्र उपासना खरी आहे. तीन-चार पिढ्या परदेशात गेलेल्या माणसाला देहाचे माप कारागीर देतो, कडेची उंची रिवाज देतो; ‘हे आपले आहे’ असे म्हणायचा धीर त्याला समुदायाने एकत्र उभे राहून द्यावा लागतो. टार्टन आडनावावरून यादीत शोधून काढणे हा त्या धीराचा स्वस्त पर्याय आहे, आणि दुकानांत तोच जास्त खपतो. आजीचे गाव, वडिलांची पलटण, लग्नाने जोडलेले घर, ज्या भागात आयुष्य गेले तो जिल्हा, यांतले कोणतेही नाते आडनावाच्या यादीपेक्षा भक्कम असते.

चीनच्या च्वांग-त्झूने योग्य बसण्याची एक वेगळीच खूण सांगितली आहे. पायाचा विसर पडला म्हणजे जोडा बरोबर बसला; कंबरेचा विसर पडला म्हणजे पट्टा बरोबर बसला; आणि बरोबर-चूक यांचा विसर पडला म्हणजे मन बरोबर बसले. त्याच प्रकरणात एका कारागिराचे वर्णन येते, ज्याचा हात कंपास न घेता त्याहून नेमके वर्तुळ काढी, कारण त्याची बोटे वस्तूबरोबर वळत आणि मन मध्ये येत नसे. भारतीय न्यायशास्त्रातही शाब्दबोधासाठी, म्हणजे वाक्याचा अर्थ कळण्यासाठी, लागणारी योग्यता अशीच नकारातून सांगितली जाते: दोन पदार्थांच्या संबंधात बाध नसणे. ‘विस्तवाने शिंपतो’ हे वाक्य व्याकरणाने शुद्ध असूनही बसत नाही, कारण विस्तव आणि शिंपणे यांचा संबंध बाधित आहे. च्वांग-त्झूचा विसर आणि नैयायिकांचा अबाध यांचे कूळ एक दिसते. योग्यता ही वस्तूत घातलेली जादा भर नसून अडसर नसण्याची अवस्था आहे.

किल्टला हे म्हणणे तीन चतुर्थांश लागू पडते. कंबर, सीट, पट्टे यांचा विसर पडला पाहिजे यात शंका नाही. जो माणूस दर पाच मिनिटांनी किल्ट वर ओढतो त्याला तो बसलेला नाही. पण लोकरीचे आठ वार अंगावर असताना वस्त्राचा पूर्ण विसर पडत नाही आणि पडावा अशी अपेक्षाही नसते. निऱ्यांचे वजन पावलागणिक मागे जाणवते. बसताना मागच्या निऱ्या हाताने सारख्या कराव्या लागतात. त्या वजनाने माणूस ताठ उभा राहतो, पाऊल जरा ठाम टाकतो. लग्नात, अंत्ययात्रेत, पलटणीच्या संचलनात हेच हवे असते. विधीचे वस्त्र आपण कुठे आणि कशासाठी उभे आहोत याची आठवण अंगावर ठेवते. म्हणून च्वांग-त्झूच्या खुणेला एक जोड द्यावी लागते: अडचणीचा विसर पडावा, प्रसंगाचा पडू नये. सैल किल्ट आणि घट्ट किल्ट या दोहोंचा दोष एकच, की त्यांत माणसाचे लक्ष प्रसंगावरून उडून स्वतःच्या कंबरेकडे जाते.

राहिला काळाचा प्रश्न. लोकरीचा चांगला किल्ट कित्येक दशके टिकतो. देह तेवढा एका मापात राहत नाही. विशीतली कंबर पन्नाशीत राहत नाही, आणि बापाचा किल्ट मुलाकडे आला तर देहच दुसरा असतो. न शिवलेल्या वस्त्राला ही अडचण नव्हती. शिवलेल्या किल्टमध्ये कारागीर ती आधीच ओळखून असतो: पट्ट्यांना एकाहून अधिक भोके असतात, बकल सरकवायला जागा असते, मुलांच्या किल्टमध्ये आडवी चूण घालून ठेवतात आणि मूल वाढेल तशी ती सोडतात. फरक याहून मोठा असेल तर निऱ्यांची शिवण उसवून, प्रत्येक निरी पुन्हा मोजून, पुन्हा शिवावी लागते. कापड तेच राहते, काठ तोच राहतो, बसवणे नवे होते. हे काम नवा किल्ट शिवण्याइतकेच कष्टाचे आहे आणि तेवढेच कौशल्य मागते, कारण जुन्या दुमडींच्या खुणा कापडात राहिलेल्या असतात आणि नव्या निऱ्या त्यांना टाळून घालाव्या लागतात. घेर असा वाढवता किंवा आवळता येतो. लांबी मात्र पहिल्या मालकाच्या गुडघ्याला बांधलेली असते. वारसदार त्याच्यापेक्षा उंच निघाला, तर त्याच टार्टनचे नवे कापड विणून घेण्यावाचून गत्यंतर नसते.